मायचा मिस्ड कॉल

आम्ही जिंकलो, हे आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावायची हौस मला नाही. आमचा जीव उन्हाळा-पावसाळा दोन्ही टांगला होता, तेवढं पुरे. पण कसे जिंकलो ते ऐकण्यासारखं आहे. सुवास गृहवित्त या एवढ्या मोठ्या कंपनीचं एवढं हुशार मशीन माझ्या मायच्या मिस्ड कॉलने चीत केलं, आणि हे खुद्द मायला अजून नीट पटलेलं नाही.

मी उत्पला खोब्रागडे. नागपूर मेट्रोच्या सिग्नल विभागात इंजिनिअर आहे. उत्तर नागपुरातल्या भीमज्योती नगर वस्तीत माझा जन्म झाला आणि परवापरवापर्यंत मी तिथेच राहत होते. घर आमचंच, पण जमिनीचा पट्टा आजोबांच्या काळापासून 'होणार, होणार' म्हणतात. म्हणून ते घर विकताही येत नाही आणि त्यावर कोणी कर्जही देत नाही. माय, म्हणजे शेवंताबाई, तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. आता तिचे गुडघे बोलतात. आमच्या घराला बाहेरून लोखंडी जिना आहे आणि मे महिन्यात तो इतका तापतो की दुपारी ती खालीच कोणाच्या तरी दारात बसून राहते.

रिंग रोडपलीकडे मी एक फ्लॅट पाहिला. तळमजला, दोन खोल्या, मागे पसाभर अंगण. मायने ते अंगण पाहिलं आणि चप्पल काढून त्या मातीत उभी राहिली. मी त्याच दिवशी बुकिंगचे पैसे भरले. बिल्डरने दसऱ्यापर्यंत थांबायचं कबूल केलं. बाकीचं कर्ज मिळेलच अशी माझी खात्री होती. पगार चांगला, नोकरी पक्की, आजवर कोणाचा रुपया बुडवलेला नाही.

नकार आला तो चहा गार व्हायच्या आत.

सुवासच्या शाखेत माय इस्त्रीची साडी नेसून माझ्यासोबत आली होती. पिशवीत संत्रा बर्फीचा डबा होता. होकार आला की सगळ्या टेबलांवर बर्फी वाटायची, असं तिचं ठरलेलं होतं. काउंटरवरच्या मुलीने माझा अंगठा घेतला, फोन वाचायची परवानगी घेतली, पगार पाहून मान डोलावली. मग पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"सॉरी मॅडम. पारखने नाही म्हटलं."

"का?"

"पारख कारण सांगत नाही."

"मंग कोण सांगते?" मायने विचारलं.

"कोणीच नाही, काकू. साहेबांनाही माहीत नसतं."

माय उठली. बर्फीचा डबा तिने पिशवीत खोल दाबला. "चाल वं पोरी. ज्याले कारण सांगता येत नाही, त्याच्यापाशी काय मागाव?"

हे ती ठसक्यात म्हणाली खरं, पण परतीच्या वाटेवर रिक्षात पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसली. तीस वर्षं लहान पोरांना गाणी शिकवलेली बाई ती. तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आता पारख काय आहे ते सांगते. कर्ज मागणारा माणूस ते फेडेल की नाही, हे पूर्वी अधिकारी ठरवायचे. त्यात कोणाची ओळख, कोणाचा मूड, असं सगळं चालायचं. त्यावर उपाय म्हणून मशीन आलं. त्याला जुन्या कर्जांच्या लाखो फायली वाचायला दिल्या. कोणाला कर्ज दिलं, कोणाला नाकारलं, कोणी फेडलं, कोणी बुडवलं, हे वाचून ते आपलं आपण शिकलं. अर्जात जातीचा रकाना नाही. आडनावसुद्धा पारखपर्यंत पोचण्याआधी झाकतात. कंपनी हे जाहिरातीत अभिमानाने सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पण जुन्या फायली लिहिल्या होत्या माणसांनी. भीमज्योती नगरसारख्या वस्त्यांना त्यांनी कधी कर्ज दिलंच नव्हतं. दिलंच नाही, तर फेडलेलं दिसणार कुठून? मशीनने त्याचा अर्थ लावला की इथली माणसं भरवशाची नाहीत. आडनाव झाकलं तरी पत्ता उघडा होता, शेजारी उघडे होते, फोनवर कोणाकोणाचा आवाज येतो ते उघडं होतं. सासू जाते पण तिची सवय सुनेच्या हातात राहते, तसं झालं होतं. जात कोणी सांगितली नव्हती, तरी पारख ती बरोबर पाळत होती.

हे सगळं मला मागाहून कळलं. त्या दिवशी मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. चार बुकं शिकलेल्या माणसाला हा रोग असतोच.

म्हणून मी चाफलेकडे गेले. सदर भागात त्याचं दुकान आहे. लोक त्याला 'धुलाईवाला' म्हणतात, कारण तो पारखला आवडेल अशी तुमची माहिती धुऊन काढतो. त्याने माझा फोन आपल्या यंत्रावर ठेवला आणि हसायलाच लागला.

"मॅडम, दिवसभर तुम्हाले फोन येते अन् तुम्ही एकही उचलत नाही."

"ते मिस्ड कॉल आहेत."

"ते तुम्हाले मालूम. पारखले दिसते का बाई फोन चुकवून राहिली. म्हणजे वसुलीवाले मागं लागले असन."

मी कपाळावर हात मारला. एके काळी फोनवर मिनिटामिनिटाला पैसे पडायचे, तेव्हा वस्तीने एक भाषा तयार केली. एक रिंग म्हणजे पोचलो, बरा आहे. दोन म्हणजे घरी ये. तीन म्हणजे काम आहे, फोन कर. उचलणं म्हणजे समोरच्याचा पैसा उडवणं, उद्धटपणाच. पुढे बोलणं फुकट झालं, पण आमच्या वस्तीने रिंगा सोडल्या नाहीत. ही भाषा पसरवली ती मायनेच. अंगणवाडीतल्या पोरांच्या आयांना ती रिंगांवरून बोलावायची. आणि कॉलेजात जाणाऱ्या वस्तीतल्या पोरी मला दोन रिंगा देतात, म्हणजे आज संध्याकाळी गणित शिकवायला ये.

"उपाय सोपा आहे," चाफले म्हणाला. "पहिले पत्ता बदलवू. चांगल्या भागात एक खोली भाड्यानं दाखवतो. मंग वस्तीतले सारे नंबर ब्लॉक करा. आईचा सगळ्यात पहिले. वर्षभर असं काढा, पारख मुकाट्यानं हाव म्हणते."

"आईचा नंबर ब्लॉक करू?"

"टेन्शन नका घेऊ. तुमच्याच वस्तीतल्या एका भाऊचं काम केलं नं मी. इंजिनिअरच होते. नंबर ब्लॉक करताना रडले बिचारे. पण आज पुण्याले बाराव्या माळ्यावर राहून राहिले."

आमच्या वस्तीतून पुण्याला गेलेला इंजिनिअर एकच आहे. सुगत. माझा धाकटा भाऊ.

माझ्या डोळ्यांसमोर माय आली. रोज दिवेलागणीला बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली की ती सुगतला एक रिंग देते. मी बरी आहे. त्यानेही उलट एक रिंग द्यायची, हा त्यांचा जुना रिवाज. पुण्यात घर घ्यायचं ठरवल्यापासून त्याची रिंग आली नव्हती. "बिल्डिंगमध्ये नेटवर्क नाही," असं तो सांगायचा आणि सणावाराला ऑफिसच्या फोनवरून बोलायचा. माय म्हणायची, पोट्टा कामात असन. आता ब्लॉक केलेल्या नंबरावर एकदाच रिंग वाजते आणि फोन तुटतो. मायही एका रिंगेवरच तोडते. त्यामुळे दोन वर्षं ती बंद दारावर टकटक करत होती आणि तिला ते कळलंही नव्हतं.

माझाही नंबर त्याने बंद केला असणार, म्हणून मी मेट्रोच्या ऑफिसातून सुगतला फोन लावला.

"तू मायले ब्लॉक केलं?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग, "ताई, तुला कोणी सांगितलं?"

"ते सोड. केलं का नाही?"

"केलं."

"लाज नाही वाटली बे तुले?"

"रोज वाटते," तो म्हणाला. त्याची पुणेरी भाषा गळून पडली होती. "मले पण पारखनं नाहीच म्हटलं होतं, ताई. तुले नाही सांगितलं. घर घ्याचं होतं, मायले इकडं आणाचं होतं. वाटलं, एकच वर्ष. पण हप्ते फिटेपर्यंत पारख फोनवर नजर ठेवते. दर सहा महिन्यांनी व्याज ठरवते. आता नंबर उघडला अन् व्याज वाढलं, तर हप्ता झेपणार नाही. घर जाईन."

"म्हणजे वीस वर्षं मायची रिंग बंद?"

तो रडायला लागला. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. दोन्ही एकदम करता येत नाही म्हणून मी फोन ठेवला.

पण त्या दिवशी एक गोष्ट पक्की झाली. मी काहीही धुणार नव्हते. मी कर्ज लवादात तक्रार केली.

असल्या मशीनांसाठी सरकारने लवाद नेमला, त्याला फार वर्षं झालेली नाहीत. मशीनच्या पोटात काय आहे ते कंपनीचं गुपित, ते उघडता येत नाही. पण त्याला प्रश्न विचारता येतो. या चाचणीला लवादात 'जुळं' म्हणतात. तुमचा अर्ज घ्यायचा, एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवून पुन्हा मशीनपुढे टाकायचं. आंबट वरणात चिंच जास्त झाली की आमसूल, हे कळायला आपण एकेक सोडून पाहतो, तसंच हे. आणि चाचणीत मशीनला कारण लपवता येत नाही. कशाचा काय अर्थ लावला ते पडद्यावर दाखवावं लागतं.

पहिल्याच तारखेला कंपनीच्या वकिलांनी खोडा घातला. ते मोठे गोड बोलायचे.

"पत्ता बदललेली उत्पलाबाई जगात अस्तित्वातच नाही. काल्पनिक व्यक्तीच्या अर्जावर आमच्या मशीनला दोषी ठरवणं योग्य होईल का? अशाच सवयी असलेला, पण दुसऱ्या भागात राहणारा खरा माणूस दाखवा."

अध्यक्षा नाझनीन काझींनी माझ्याकडे पाहिलं. "असा कोणी आहे तुमच्याकडे?"

असा माणूस जगात एकच होता. तीच माय, तीच शाळा, तेच शिक्षण, जवळपास तेवढाच पगार, आणि पत्ता पुण्याचा. पण त्याचा फोन बंद दारासारखा होता, आणि दार उघडलं तर त्याचं घर जाऊ शकत होतं. मी त्याला सगळं कळवलं. ये म्हटलं नाही. असली गोष्ट मागायची नसते.

दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी मी कामावर असताना फोन वाजला. सुगतचा. मी उचलणार तोच तुटला. पुन्हा वाजला आणि पुन्हा तुटला.

दोन रिंगा. घरी ये.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावले. लोखंडी जिन्याखाली सुगतची बॅग होती आणि वर तो मायपुढे पाटावर बसला होता. ताटात झुणका-भाकर होती, पण त्याने घास मोडला नव्हता. त्याने सगळं मायला स्वतःच सांगून टाकलं होतं.

माय त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं आता फुटेल. तिने भाकरीवर तेल सोडलं आणि ताट पुढे सरकवलं.

"म्हणून रिंग नव्हता देत तू. मले वाटलं तुया फोन बिघडला." मग म्हणाली, "घरासाठीच केलं नं? चोरी तं नाही केली. जेव आधी."

सुगतने तिच्यासमोर फोन काढला आणि नंबर उघडला. फक्त तिचा नाही, अख्ख्या वस्तीचा.

"व्याज वाढलं तं?" मी विचारलं.

"वाढू दे. बाराव्या माळ्यावरून तसंही कोणी दिसत नाही, ताई."

पुढचे महिने मोठे मजेचे गेले. सुगतचा नंबर सुरू झाला ही बातमी वस्तीत वाऱ्यासारखी पसरली. ज्या बायांनी त्याला अंगणवाडीत शेंबडा पाहिला होता त्या सगळ्या त्याला रिंगा द्यायला लागल्या. कोणाच्या पोराचा निकाल लागला, एक रिंग. कोणाकडे पाहुणे आले, एक रिंग. मायने सकाळचीही एक सुरू केली. त्याचा फोन माझ्यापेक्षा जास्त वाजायला लागला, आणि तो इमानाने एकही उचलायचा नाही. दरम्यान त्याच्या व्याजाची सहामाही येऊन गेली. निकालाचा निरोप त्याने उघडलाच नाही. म्हणाला, लवादापुढेच बघू. काय ते तिथेच होऊ दे.

सुनावणी पितृपंधरवड्यात आली. दसरा तोंडावर होता आणि बिल्डरचे निरोप सुरू झाले होते. सभागृहात वस्तीतल्या बाया आधीच जागा धरून बसल्या होत्या. माय पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी.

वकील उठले. "महोदया, वस्तीचा, समाजाचा यात काही संबंध नाही. न उचललेले फोन हे कर्ज बुडवण्याचं लक्षण आहे. हे गणित आहे. आणि गणिताला जात नसते."

अध्यक्षा म्हणाल्या, "म्हणजे एवढेच न उचललेले फोन पुण्यातल्या चांगल्या इमारतीत आले असते, तरी पारखने हेच म्हटलं असतं?"

"निःसंशय."

"लिहून घ्या," त्यांनी कारकुनाला सांगितलं. "आता दुसरा माणूस घ्या."

सुगत पुढे आला. त्याचा फोन मशीनला जोडला. आपण याला कशात ढकललं, असं वाटून मी डोळे मिटले.

सभागृहात कुजबुज झाली, मग कोणीतरी फिसकन हसलं. मी डोळे उघडले. पडद्यावर मोठ्या अक्षरांत होतं: 'न उचललेले कॉल भरपूर. अर्थ: व्यस्त व्यक्ती, समाजात मागणी. भरवसा: उत्तम. व्याजात सूट.'

त्याचं व्याज वाढलं नव्हतं. उतरलं होतं!

"आता यांचा पत्ता बहिणीला द्या आणि बहिणीचा यांना," अध्यक्षा म्हणाल्या. "बाकी काही हलवू नका."

पुण्याच्या पत्त्यावरची मी एका क्षणात मंजूर झाले. आणि भीमज्योती नगरच्या पत्त्यावरचा सुगत, त्याच पगाराचा, त्याच रिंगांचा, पडद्यावर लाल झाला: 'वसुली टाळत असल्याचा संशय. नकार.'

बाया ओरडायला लागल्या. अध्यक्षांनी हात वर केला. त्या शांततेत सुगतचा आवाज आला. तो कोणाशी बोलत होता कोण जाणे.

"म्हणजे ब्लॉक करायची गरजच नव्हती? नुसता पत्ता बदलला असता तरी चाललं असतं?"

वकील कागद चाळायला लागले. पुण्याच्या पत्त्यावर मायच्या रिंगा त्याच्या फायद्याच्याच होत्या, आणि दोन वर्षं त्याने त्या भीतीने बंद ठेवल्या होत्या. त्याचं तोंड बघवत नव्हतं. माय गुडघ्यावर हात टेकून उठली, रांगेतून बाहेर आली आणि भर लवादात त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. कोणी तिला अडवलं नाही.

निकाल त्याच दिवशी आला. अध्यक्षांनी वाचला नाही, सांगितला.

"आई एक, रिंग एक. एका पत्त्यावर ती लबाडी ठरते आणि दुसऱ्या पत्त्यावर प्रतिष्ठा. हे गणित नाही. ही जुनी खोड आहे, मशीनने उचललेली." मग आदेश दिले. पत्ता, शेजारी आणि फोन, तिन्ही झाकून उत्पला खोब्रागडेंचा अर्ज आत्ताच पुन्हा तपासा. अशा वस्त्यांतून आजवर नाकारलेले सगळे अर्ज कंपनीने स्वतःहून उघडावेत. आणि तोवर पारखने कोणालाही नाही म्हणायचं नाही.

माझा अर्ज पडद्यावर हिरवा झाला तेव्हा मायने पिशवीतून डबा काढला. संत्रा बर्फी. मला वाटलं तोच डबा! पण नाही, सकाळी ताजा आणला होता. हरलो असतो तर काय केलं असतं, असं विचारलं तर म्हणाली, "हरतो कायले?" तिने पहिली बर्फी अध्यक्षांना दिली. दुसरी वकिलांना. त्यांनी घेतली, हेही सांगायला हवं.

त्या दसऱ्याला वस्तीत जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. दीक्षाभूमीवरून लोक परतत होते आणि गल्लीगल्लीतून फोन वाजून तुटत होते. नाकारलेली घरं एकामागून एक मंजूर होत होती, आणि ज्याचं मंजूर होईल तो अख्ख्या वस्तीला एक रिंग देत होता. पोचलो, बरा आहे. रिंगांनी वस्ती नुसती दणाणून गेली होती. कोणी कोणाचा फोन उचलत नव्हतं आणि सगळ्यांना सगळं कळत होतं. मी चौकात उभी राहून हसत होते आणि रडत होते.

आम्ही नव्या घरात आलो तेव्हा भंतेजींनी वंदना घेतली, वस्ती जेवून गेली, आणि सुगत हातांनी अंगणात मोगरा लावून पुण्याला परतला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मायने मेणबत्ती लावली. मग चप्पल काढून अंगणातल्या मातीत उभी राहिली आणि नेहमीसारखी सुगतला रिंग दिली. तोडायला बोट उचललं, तर फोनमधून आवाज आला.

"माय."

पहिल्याच रिंगेला त्याने उचलला होता.

माय एवढी दचकली की फोन हातातून पडता पडता राहिला. मग अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात ती खेकसली, "उचलला काहून बे? पैसे लागते नं!"

आणि चांदण्या निघेपर्यंत तिथेच उभी राहून बोलत राहिली.